आणखी एक रकाना

आमच्या वधू-वर सूचक मंडळाच्या नोंदणी अर्जात गोत्र, नाडी, गण, मंगळ यांच्या ओळीतच रक्तगटाचा रकाना आहे. तो कुणी घातला, कधी घातला, हे आज मंडळात कुणालाच सांगता येत नाही. पण त्यावरून स्थळं मोडतात, हे दादरच्या त्या खोलीत शनिवार-रविवार बसून मी बरीच वर्षं बघते आहे. मुलगा बी पॉझिटिव्ह, मुलगीही बी पॉझिटिव्ह असली की मुलाची आई अर्ज परत फायलीला लावते. "एकच रक्तगट नको हो बाई, पुढे मुलांना त्रास होतो." एकनाड म्हणजे तरी दुसरं काय, आपल्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होतं, अशी पुस्ती कुणीतरी जोडतं आणि बाकीचे माना डोलावतात.

मी शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे तिथे मला गप्प बसवत नाही. नवरा-बायकोचा रक्तगट एकच असला म्हणून मुलाला काहीही होत नाही. बायको आरएच निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर गरोदरपणात लक्ष ठेवावं लागतं, आणि त्यालाही अँटी-डीच्या इंजेक्शनचा उपाय आहे. लग्न मोडायचं ते कारण नव्हे. ज्या मुंबईत, परळला, १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर जगाला ठाऊक नसलेला 'बॉम्बे' रक्तगट शोधून काढला, त्याच मुंबईत रक्तगटाच्या नावाने मुलं-मुली नाकारल्या जाव्यात याचं मला फार वाईट वाटतं.

या रकान्याखाली थॅलेसेमियाचा, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचा, रकाना घालावा, असा ठराव मागच्या वर्षी कार्यकारिणीपुढे आला. ठराव मांडणारा आमचा सगळ्यांत तरुण सभासद. त्याच्या मावसबहिणीचं मूल थॅलेसेमिया मेजर आहे, त्यामुळे त्याची तळमळ अगदी खरी. मी ठरावाला विरोध केला, तेव्हा तो दुखावला. "बाई, तुम्ही? तुम्ही तर सायन्स शिकवणाऱ्या." सभेत पाच मिनिटांत जे बोलता आलं तेवढं बोलले. उरलेलं इथे लिहिते आहे.

आधी आजाराबद्दल. हिमोग्लोबिन कसं तयार करायचं ते सांगणाऱ्या बीटा जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. त्यातली एक बिघडलेली असेल तर माणूस थॅलेसेमिया मायनर, म्हणजे नुसता वाहक. तो धडधाकट असतो. हिमोग्लोबिन जरासं कमी, बाकी काही नाही. मायनरचा पुढे मेजर होत नाही, ही गोष्ट मला मंडळात इतक्या वेळा सांगावी लागली आहे की इथे ती मुद्दाम लिहिते. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच मेजर, आणि ते जन्मतःच असतं. नवरा-बायको दोघं मायनर असतील तर दर गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं मूल मेजर झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं. दर वेळी चिठ्ठी नव्याने टाकली जाते.

मेजर मुलाला साधारण पहिल्या दोन वर्षांच्या आतच रक्त चढवायला सुरुवात करावी लागते, ती दर दोन ते चार आठवड्यांनी, जन्मभर. त्या रक्ताबरोबर येणारं लोह हृदयात, यकृतात साचत जातं. ते काढायला रोजचं औषध. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो, पण जुळणारा दाता हवा, पैसा हवा, आणि त्यातही धोका असतोच. पालिकेने बोरिवलीला थॅलेसेमियाच्या मुलांसाठी प्रत्यारोपणाचं केंद्र उभं केलं आहे आणि ते गरीब आईबापांना केवढा आधार आहे हे त्यांनाच विचारावं. देशात दर वर्षी साधारण दहा हजार मुलं हा आजार घेऊन जन्माला येतात असा अंदाज आहे.

"हे सिंध्यांचं असतं, आपल्यात नसतं" हे वाक्यही मी पुष्कळदा ऐकते. सिंधी, लोहाणा, भानुशाली, पंजाबी समाजात प्रमाण जास्त आहे हे खरं. पण मुंबईतल्या शाळकरी मुलांची जी मोठी पाहणी झाली, तिच्यात सगळ्या मुलांत मिळून २.६८ टक्के वाहक सापडले. मराठी घरं यातून वगळलेली नाहीत. तपासणी साधी आहे. सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीत, तांबड्या पेशींचा आकार लहान दिसतो, मग एचबीए-टू हा हिमोग्लोबिनचा प्रकार किती आहे ते पाहतात. काही शे रुपयांत काम होतं. केईएम रुग्णालयाच्या आवारातच आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची एनआयआयएच ही रक्ताच्या आजारांवर संशोधन करणारी संस्था आहे, तिथे या विषयावर कित्येक दशकं काम चालू आहे. तेव्हा लग्नाआधी ही तपासणी प्रत्येकाने करावी, मुलाने आणि मुलीने दोघांनी, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. माझा विरोध आहे तो रकान्याला.

ठराव येण्याआधीच एका मुलीने तो रकाना स्वतःच्या हाताने तयार केला होता. ठाण्याला बँकेत नोकरी करणारी मुलगी. ऑफिसच्या रक्तदान शिबिरात हिमोग्लोबिन कमी म्हणून तिला परत पाठवलं, लोहाच्या गोळ्या घेऊन फरक पडेना, तेव्हा डॉक्टरांनी पुढची तपासणी सांगितली. एचबीए-टू पाच टक्क्यांच्या वर आलं. एरवी ते साडेतीनच्या आत असतं. आमच्या अर्जात रक्तगटापुढे जेमतेम दोन बोटं जागा आहे. तिथे तिने "ओ पॉझिटिव्ह" लिहून त्याच्या शेजारी मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं, "थॅलेसेमिया मायनर, रिपोर्ट सोबत." आणि खरोखरच रिपोर्टची झेरॉक्स टाचणीने लावली होती. मी म्हटलं, हे इथे लिहायची गरज नाही गं, स्थळ जुळत आलं की सांग. ती म्हणाली, "नंतर लपवलं असं कुणी म्हणायला नको, बाई."

लोक अर्ज चाळतात तेव्हा बोट ओळीवरून फिरवत वाचतात. शिक्षण, पगार, भाऊ किती, घर स्वतःचं की भाड्याचं. तिच्या अर्जावर ते बोट त्या बारीक ओळीशी येऊन थांबायचं. मग हळूच विचारणा. "हे काय असतं? वाढतं का? तिच्या आईलाही आहे का?" काही जण फोनवर शोधून मेजर मुलांचे फोटो माझ्यापुढे धरायचे. मी समजावून सांगायची, ते ऐकून घ्यायचे आणि पुढचा अर्ज काढायचे. त्या सगळ्यांत एकानेही असं म्हटलं नाही की ठीक आहे, आमच्या मुलाचीही तपासणी करून घेतो. दोघांत मिळून असणारा धोका आहे हा. मुलगा वाहक नसेल तर मेजरचा प्रश्नच उद्भवत नाही. एका फोनचं, एका सुईचं काम. पण विचार तिथवर जातच नाही, कारण रकाना तिच्या अर्जात भरलेला असतो आणि त्याच्या अर्जात कोरा.

आमच्या कपाटात काही शे अर्ज असतात. शेकड्याला दोन-अडीच धरले तरी त्यात दहाएक मायनर असणारच, मुलं धरून. बहुतेकांना स्वतःला माहीत नाही. जिने तपासणी केली आणि प्रामाणिकपणे लिहिलं तिच्यावर शिक्का बसला. ज्यांनी तपासणीच केली नाही ते निर्दोष ठरले. उद्या छापील रकाना आला तर लोक काय शिकतील? तपासणी न करण्यातच शहाणपण आहे, एवढंच शिकतील.

मग एके दिवशी त्या मुलीची काकू बदलापूरहून आली. तिच्या मुलीचंही नाव आमच्याकडे आहे. आडनाव तेच. "बाई, पुतणीच्या अर्जावरचं तेवढं खोडून टाका ना. लोक आमच्याकडे चौकशी करतात." मला तिचा राग नाही आला. कारण ती जे म्हणत होती त्यात जनुकांबद्दलची सगळ्यांत अवघड गोष्ट होती. हा रिपोर्ट एकट्या माणसाचा कधीच नसतो. साखरेचा रिपोर्ट माझा असतो, क्ष-किरणाचा फोटो माझा असतो. पण माझ्या जनुकाबद्दल काही कळलं की माझ्या सख्ख्या भावाबद्दल निम्मं, पुतण्यांबद्दल थोडं, आणि जे अजून जन्मालाच आलेले नाहीत त्यांच्याबद्दलही काहीतरी कळलेलं असतं, त्यांना कुणी विचारलेलं नसताना. पुतणीला खरं बोलायचा हक्क आहे. चुलतबहिणीला गप्प राहायचा हक्क आहे. दोघींचं आडनाव एक आहे. हे कोणत्या नियमाने सोडवायचं?

काकूंची दुसरी भीती विम्याची होती. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार असलेल्या एका माणसाचा आरोग्यविम्याचा दावा 'जनुकीय आजार' या शब्दांवर बोट ठेवून नाकारला गेला होता, ते प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी निकाल दिला की जनुकीय आजारांना असं सरसकट वगळणं हा भेदभाव आहे. पुढच्याच महिन्यात विमा नियामकाने कंपन्यांना तशा सूचना दिल्या. पण जनुकीय माहितीवरून कुणाशी भेदभाव करू नये असं सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत तो २००८ साली झाला, आणि तोही आयुर्विम्याला लागू नाही. आपल्याकडच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात जनुकीय माहितीला वेगळं, जास्त जपण्याचं स्थानही दिलेलं नाही. आणि समजा उद्या चांगला कायदा झाला, तरी नकार कळवणाऱ्या घरावर तो कसा लावणार? "पत्रिका जुळत नाही" असं सांगितलं की काम भागतं. शिवाय आता बायोडेटा पीडीएफमध्ये असतो. एका मावशीच्या फोनवरून तो संध्याकाळपर्यंत चार ग्रुपांवर जातो, आणि लग्न होऊन मुलगी नांदायला गेली तरी तिथेच पडून राहतो.

हे सगळं आधी घडून गेलेलं आहे. ग्रीसमध्ये ऑर्खोमेनोस नावाचं गाव आहे. तिथे सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं होतं. १९६० च्या दशकात संशोधकांनी गावाची तपासणी केली, ज्याचा त्याला निकाल सांगितला, आणि वाहकाने वाहकाशी लग्न करू नये असा सल्ला दिला. लग्नं तिथेही ठरवूनच होत. काही वर्षांनी मागोवा घेतला तर दिसलं काय? वाहक मुलंमुली कमी प्रतीची मानली जाऊ लागली होती, काहींनी निकाल दडवून लग्न केलं होतं, आणि दोन वाहकांची लग्नं काही कमी झाली नव्हती. मला हे आज आठवतं त्याला कारण आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट. आपल्या विदर्भात, नंदुरबारकडे या तपासणीची फार गरज आहे. पण लोकांच्या हातात तपासणीच्या निकालाचं कार्ड देऊन 'लग्नाआधी पत्रिकेसारखी कार्डं जुळवा' असं सांगितलं जातं तेव्हा मला त्या कार्डाची काळजी वाटते. पत्रिकेने मुलींचं काय केलं ते मी बघते आहे. मंगळ मुलालाही असतो, पण घरी बसून राहते ती मुलगी.

आता दुसरं उदाहरण. न्यूयॉर्कमध्ये कर्मठ ज्यू समाजाचे एक रब्बी आहेत, योसेफ एकस्टाइन. टे-सॅक्स या लहान मुलांच्या आनुवंशिक आजाराने त्यांची चार मुलं गेली. १९८३ मध्ये त्यांनी 'दोर येशोरिम' ही व्यवस्था उभी केली. शाळेतच मुलामुलींची तपासणी होते आणि प्रत्येकाला निकालाऐवजी फक्त एक नंबर मिळतो. स्थळ पुढे सरकलं की दोघांचे नंबर कळवायचे. उत्तर येतं ते दोघांचं मिळून: हरकत नाही, किंवा जुळत नाही. कोण वाहक आहे हे बाहेर कुणाला कळत नाही, 'जुळत नाही' असं उत्तर येईपर्यंत स्वतःलाही कळत नाही. शिक्का बसायला जागाच ठेवलेली नाही. त्यांचा दुःखाचा आणि लोकांच्या जिभेचा अनुभव दोन्ही या रचनेत दिसतो. तरी मला ती पूर्ण पटत नाही. माझ्या रक्तात काय आहे ते मलाच सांगायचं नाही, हे मोठ्या माणसाला लहान मुलासारखं वागवणं झालं.

मला जवळचं वाटतं ते सायप्रसचं. तिथे थॅलेसेमिया घरोघरी होता. १९८० च्या दशकात चर्चने नियम केला की लग्नाआधी दोघांनी तपासणीचा दाखला आणायचा. पण दाखल्यावर निकाल नसतो. तपासणी झाली आणि सल्ला मिळाला, एवढंच असतं. पाद्र्याला पुढचं कळत नाही, गावाला कळत नाही. ठरवायचं ते त्या दोघांनी. दोघंही वाहक निघाले तरी बहुतेकांनी लग्न मोडलं नाही. लग्न केलं आणि गरोदरपणात बाळाची तपासणी करून घेतली. मेजर मुलांचे जन्म तिथे जवळजवळ थांबले.

कुणाला सांगायचं, हा प्रश्न माझ्याही दारात आला. एका मुलाच्या आईने मला बाजूला घेऊन सांगितलं की त्याला मायनर आहे, कुणाला बोलू नका. पुढे त्याचं एक स्थळ पक्कं होत आलं. सर्वोच्च न्यायालयापुढे १९९८ मध्ये एक प्रकरण आलं होतं: एका डॉक्टरला एचआयव्ही असल्याचं रुग्णालयाकडून बाहेर कळलं आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. गुप्ततेचा हक्क निरपवाद नाही, होणाऱ्या बायकोचा जीव वाचवणं त्याहून मोठं, असं न्यायालयाने म्हटलं. त्या निकालातल्या लग्नाच्या हक्काविषयीच्या शेऱ्यांना पुढे २००२ मध्ये न्यायालयानेच आवर घातला. पण इथे तर गोष्ट निराळी होती. मायनर नवऱ्यामुळे बायकोला काहीच होत नाही. धोका असलाच तर तिसऱ्याला, आणि तो तिच्याही रक्तावर अवलंबून. मी त्या आईला सांगितलं, मी मुलीकडे तोंड उघडणार नाही; पण तुमच्या मुलाने स्वतः तिला सांगावं, आणि साखरपुड्याआधी सांगावं, नाहीतर मंडळ या लग्नात मध्यस्थ राहणार नाही. मुलगा आईपेक्षा धीट निघाला. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून त्याने मुलीला सगळं सांगितलं, तिने दोन दिवसांत रक्त दिलं, ती वाहक निघाली नाही, लग्न झालं. त्याची आई माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

तंत्र कुठल्याही हेतूने आलं तरी ते आपल्या घरांच्या सवयीप्रमाणे वापरलं जातं, याचा मुंबईइतका कडू अनुभव दुसऱ्या कुठल्या शहराला नसेल. गर्भजल परीक्षा आपल्याकडे आली ती जनुकीय दोष ओळखायला. सत्तरीच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात ती मुंबईच्या दवाखान्यांत मुली ओळखायला वापरली जाऊ लागली. आज पाचशे रुपये घाला, उद्याचे पाच लाख वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती लागत. गर्भजल परीक्षेनंतर झालेल्या ८,००० गर्भपातांत ७,९९९ गर्भ मुलींचे होते, हा त्या काळच्या एका पाहणीतला आकडा ज्याने वाचला तो विसरलेला नाही. मुंबईतल्या स्त्री-संघटना, डॉक्टर, वकील यांनी रान उठवलं, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा पहिला कायदा केला. देशाचा कायदा १९९४ मध्ये झाला. त्याच कायद्याने थॅलेसेमियासारख्या रक्तदोषांसाठी गर्भातल्या बाळाची तपासणी करायला परवानगी ठेवली आहे. म्हणजे एकच सुई एका कामासाठी गुन्हा आणि दुसऱ्या कामासाठी उपचार. ही रेघ ओढायला लोकांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. आमच्या अर्जावर रेघ ओढताना ते आठवायला नको का?

आणि त्या दुसऱ्या कामाबद्दलही मी निर्धास्त नाही. दोघं वाहक असतील तर गर्भाची तपासणी अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास होऊ शकते, आणि मेजर निघालं तर गर्भ ठेवायचा की नाही ते आईबापांनी ठरवायचं. कायदा आता पूर्वीपेक्षा उदार आहे. २००८ मध्ये गर्भाला हृदयाचा गंभीर दोष आहे म्हणून गर्भपाताची परवानगी मागणाऱ्या जोडप्याला मुंबई उच्च न्यायालयाने, वीस आठवड्यांची मुदत उलटून गेली म्हणून, नकार दिला होता. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या संमतीने मुदतीची आडकाठी नाही. ज्या बाईला ते नऊ महिने आणि पुढचं आयुष्य काढायचं आहे तिचाच हा निर्णय, असं मी मानते. पण मेजर असलेला माझा एक जुना विद्यार्थी आहे. विक्रोळीला राहतो, हिशेबनीस आहे, दर तीन आठवड्यांनी रजा टाकून रक्त घ्यायला जातो. तो जिथे बसतो तिथे भिंतीवर 'थॅलेसेमियामुक्त भारत' असा बॅनर आहे. तो म्हणाला, "बाई, मोहीम चांगलीच आहे. माझ्या आईला लग्नाआधी कळायलाच हवं होतं. पण त्या बॅनरखालच्या खुर्चीत हाताला सुई लावून बसलं ना, की मान वर करवत नाही." २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलेसेमियाला अपंगत्व म्हणून मान्यता दिली आहे, म्हणजे तो या देशाचा हक्कदार नागरिक आहे. त्याला हवं आहे ते नीट तपासलेलं रक्त आणि खंड न पडता मिळणारी लोह उतरवायची गोळी. आजार कमी व्हावा असं म्हणताना आजारी माणूस नको होता, असं ऐकू जाणार नाही अशा शब्दांत बोलणं अवघड आहे, पण ते शिकावं लागेल.

आता मंडळाला सगळ्यांत न आवडणारी गोष्ट. आमचं मंडळ एका ज्ञातीचं आहे आणि अर्जात पोटजातही विचारली जाते. २०१७ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये एक संशोधन आलं, त्यात हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि जनुकांवर संशोधन करणाऱ्या संस्थेचे के. थंगराज होते. दक्षिण आशियातले २६३ गट तपासले. त्यांतल्या ८१ गटांत थोड्या पूर्वजांपासून वाढल्याच्या खुणा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यूंपेक्षाही ठळक निघाल्या. आणि हे दोन समाज आनुवंशिक आजारांच्या अभ्यासात नेहमी दाखल्यासाठी घेतले जातात. शतकानुशतकं आपापसातच लग्नं केली की तीच बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी येऊन भेटते. आंध्रातल्या वैश्य समाजात भूल देताना वापरायच्या एका औषधाने माणूस तासन्‌तास हालचाल करू शकत नाही, असा दोष याच मार्गाने पसरला. यात कुणाच्या 'रक्ताची' नालस्ती नाही. माणसा-माणसांत श्रेष्ठ-कनिष्ठ मोजण्याचा तो खेळ विसाव्या शतकात खेळून झाला. आपल्या इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकत होत्या. कवटीच्या मापांतून गोऱ्यांचं श्रेष्ठत्व दिसेल अशी गुरूची अपेक्षा होती. मापांतून ते दिसलं नाही, आणि त्यांनी तसं लिहिलं. त्या परदेशी, परक्या मुलीने गुरूपुढे एवढं करावं, याचा मला अभिमान वाटतो. प्रत्येकाच्या अंगात कुठल्या ना कुठल्या आजाराची एखाद-दुसरी बिघडलेली प्रत असतेच, ठराव मांडणाऱ्या मुलाच्या, माझ्या, अध्यक्षांच्यासुद्धा. म्हणून सभेत मी म्हटलं, संततीच्या आरोग्याची एवढी काळजी असेल तर रकाना वाढवण्याआधी पोटजातीचा एक कमी करा. जनुकांसाठी जातीबाहेर लग्न करा असं मी कुणाला सांगत नाही. माणूस आवडलं म्हणून करावं. पण विज्ञानाचं बोट धरायचं तर ते सोयीपुरतं धरता येत नाही. यावर सभेत जेवढा आवाज झाला तेवढा थॅलेसेमियावर झाला नव्हता.

मी लेखी दिलेली सूचना अशी आहे. अर्जात थॅलेसेमियाचा रकाना नको. नोंदणीच्या वेळी मुलाला आणि मुलीला, पालकांना नव्हे, एक माहितीपत्रक द्यायचं: तपासणी कोणती, कुठे होते, मायनर म्हणजे काय. स्थळ पक्कं होत आलं की साखरपुड्याआधी दोघांनी एकत्र जाऊन रक्त द्यायचं. एकट्या मुलीने नाही. रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात. मंडळाच्या वहीत फक्त "दोघांची तपासणी झाली" एवढी खूण. दोघं वाहक निघाले तर मंडळ स्थळ मोडणार नाही, त्यांना समुपदेशकाकडे पाठवेल, आणि पुढचं त्यांचं ते ठरवतील. जुन्या अर्जांवर कुणी काही लिहिलं असेल तर ते त्या मुलीला किंवा मुलालाच विचारून काढायचं, काकूच्या सांगण्यावरून नाही.

ठराव मांडणारा तो तरुण सभासद यातलं बरंचसं मान्य करतो. त्याचा एक आक्षेप उरला आहे: एवढं पुढे गेल्यावर, मनं जुळल्यावर कळलं तर त्रास जास्त होईल, आधीच का नको? मी म्हणते, मनं जुळली असतील तर दोघं मिळून विचार करतील. आधी कळलं तर चार घरांतली मोठी माणसं त्यांच्याऐवजी विचार करतील. त्याला हे अजून पूर्ण पटलेलं नाही. पण माहितीपत्रकाचा मजकूर त्यानेच लिहायला घेतला आहे, आणि मावसबहिणीलाही वाचून दाखवणार आहे. महिन्यातून एक रविवार येऊन बसायला एक समुपदेशक तयार आहेत. त्यांना बोलायला दार लावता येईल अशी वेगळी खोली हवी, ती आम्ही शोधतो आहोत. सभा गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी आहे. तुमच्या मंडळात असं काही चालत असेल, चांगलं किंवा फसलेलं, तर त्याआधी मला जरूर कळवा.